रानाचा गंध येतो कोठून?

१९९८ सालची गोष्ट आहे. त्या वर्षी १ जुलै रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन आपला नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला होता. नव्या जिल्ह्याचे नवेपण अद्याप सर्वांच्या मनात ताजे होते. आपला जिल्हा मुलांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा, या हेतूने मी धानोऱ्याच्या मुलांची सहल कार्तिक महिन्यात तोरणमाळास नेली. शहादे मागे पडले, सपाट शेते संपली आणि आमची गाडी सातपुड्याचा घाट हळूहळू चढू लागली. एका वळणावर इंजिन तापले, म्हणून चालकाने गाडी उभी केली आणि मुले भराभर खाली उतरली. दुपारचे ऊन होते. कडेच्या उतारावर उंच वाढलेले गवत पिवळसर होऊन वाऱ्यावर डुलत होते आणि हवेत एक गोडसर, किंचित तिखट असा वास भरून राहिला होता.

सातवीतील एका मुलीने मला विचारले, "गुरुजी, हा वास कशाचा?"

"रानफुलांचा," मी चटकन सांगून टाकले.

तिने सभोवार पाहिले. "पण गुरुजी, फुले तर कोठेच दिसत नाहीत."

मी काही बोलण्यापूर्वीच तिने समोरच्या डोंगरांकडे बोट दाखविले. "आणि त्या डोंगरांवर तो निळा धूर कशाचा?"

"धूर नव्हे, धुके असेल ते."

"भर दुपारी धुके? आणि तेही निळे?"

मुले हसली. मीही हसलो आणि 'चला, गाडीत बसा' असे म्हणून वेळ मारून नेली. परंतु मनात एक गोष्ट खुपत राहिली. मी मराठीचा शिक्षक. रानाच्या सुगंधाची वर्णने मी वर्गात शेकडो वेळा वाचून दाखविली होती. तो सुगंध येतो कोठून, हे मात्र मी स्वतःला कधी विचारले नव्हते. त्या मुलीने दोन प्रश्न विचारले आणि मी दोन्हींची उत्तरे चुकीची दिली. सेवानिवृत्तीनंतर सवड मिळाली, तेव्हा मी त्या प्रश्नांच्या मागे लागलो. जे कळले ते या पाठात सांगत आहे.

मुलांनो, प्रथम वास म्हणजे काय, ते पाहू. तुळशीचे पान चुरडा, किंवा मोसंबीची साल डोळ्यांपासून दूर धरून वाकवा. वास तत्काळ येतो. याचा अर्थ असा की, पानातून किंवा सालीतून काही द्रव्य बाहेर पडले, त्याचे अतिसूक्ष्म कण हवेत मिसळले आणि त्यांतील काही तुमच्या नाकात शिरले. वास ही पोकळ कल्पना नव्हे. ती एक वस्तू आहे. तिला वजन आहे, आणि योग्य साधने असतील तर ती बाटलीत भरता येते. जी द्रव्ये अशी सहज वाफ होऊन उडून जातात, त्यांना बाष्पशील द्रव्ये म्हणतात. वनस्पतींची ही द्रव्ये मुख्यतः कर्ब, म्हणजे कार्बन, या मूलद्रव्याची बनलेली असतात. म्हणून शास्त्रज्ञ त्यांना 'सेंद्रिय' हे विशेषण लावतात.

वास बाटलीत भरता येतो, याचा पुरावा आपल्या खानदेशातच आहे. घाटातील त्या उतारावर डुलणाऱ्या गवतांत एक गवत रोशा नावाचे होते. पूर्वी पश्चिम खानदेशात ते विपुल उगवत असे. १८८० साली प्रसिद्ध झालेल्या खानदेश जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये रोशाच्या तेलाच्या धंद्याची नोंद आहे. पिंपळनेर, नंदुरबार, शहादे, तळोदे या भागांत पावसाळा सरता सरता ओढ्यांच्या काठी या तेलाच्या भट्ट्या लागत. मोठ्या कढईसारख्या भांड्यात फुलोऱ्यावर आलेले गवत ठासून भरीत. त्यात पाणी घालून वर झाकण ठेवीत आणि सांधे लिंपून बंद करीत. खाली जाळ लागला की वाफ बांबूच्या पोकळ नळीतून ओढ्याच्या थंड पाण्यात ठेवलेल्या दुसऱ्या भांड्यात जाई. तेथे तिचे पुन्हा पाणी होई आणि पाण्यावर सुगंधी तेल तरंगू लागे. या क्रियेला आपण शास्त्राच्या पुस्तकात ऊर्ध्वपातन म्हणतो.

हे तेल मुंबईच्या बंदरातून तांबड्या समुद्राकडे आणि तेथून तुर्कस्तानात जाई. तेथील व्यापारी ते गुलाबाच्या अत्तरात मिसळीत. गवताचे तेल गुलाबात खपून कसे जाई, असे तुम्हांला वाटेल. त्याचे कारण पुढे रसायनशास्त्राने उलगडले. रोशाच्या तेलातील प्रमुख द्रव्य जिरॅनिऑल हे होय आणि तेच द्रव्य गुलाबाच्या सुगंधातही आहे. गुलाब बागेत वाढतो आणि रोशा डोंगरउतारावर. तरी दोघांच्याही देहात एकच वस्तू तयार होते. ती मुलगी खरे बोलली होती. त्या दिवशी वासासाठी फुलांची मुळीच गरज नव्हती. गवताची पानेच सुगंध देत होती.

आता गवताकडून झाडांकडे वळू. सातपुड्याच्या कोरड्या, खडकाळ उतारांवर सालईचे झाड आढळते. त्याच्या सालीला खाच पाडली असता सुगंधी डिंक पाझरतो आणि तो धूप म्हणून जाळतात. या डिंकाच्या वासात अनेक द्रव्ये आहेत. त्यांतील एकाचे नाव पायनीन. हे नाव आले आहे 'पाइन' या झाडावरून, म्हणजे हिमालयात ज्याला चीड म्हणतात त्या वृक्षाच्या कुळावरून. रंगकाम करणारे लोक जे टर्पेंटाइन वापरतात, ते याच कुळातील वृक्षांच्या राळेपासून काढतात. या टर्पेंटाइनवरूनच अशा सर्व द्रव्यांना 'टर्पीन' हे कुलनाम मिळाले. सर्व टर्पिनांची घडण मोठी मौजेची आहे. कर्बाचे पाच अणू असलेला एक मणी आहे, अशी कल्पना करा. तसे दोन मणी जोडले की पायनीनसारखे दहा कर्बांचे द्रव्य तयार होते. तीन जोडले की पंधरा कर्बांचे. एकाच प्रकारच्या मण्यांपासून वनस्पती नाना प्रकारचे गंध ओवतात.

सालई आपल्या डोंगरांवर विरळ आहे. परंतु भूगोलाच्या पुस्तकातील जगाचा नकाशा उघडा आणि फिनलंड, रशिया, कॅनडा हे उत्तरेकडील देश पाहा. तेथे शेकडो मैल एकसारखी सूचिपर्णी अरण्ये पसरली आहेत. या अरण्यांत पाइन, स्प्रूस अशा राळ देणाऱ्या वृक्षांचीच वस्ती आहे. उन्हाळ्यात तेथील हवा टर्पिनांनी भरून जाते. म्हणून रानाचा गंध कोठून येतो, या प्रश्नाचा सर्वांत बारकाईने शोध त्या अरण्यांत घेतला गेला.

तुम्ही म्हणाल, यात शोध घेण्यासारखे काय आहे? अरण्यावरील हवेत जे सापडेल ते अरण्यातूनच आलेले असणार! परंतु शास्त्र असे गृहीत धरीत नाही. हवा एका जागी स्थिर नसते. अरण्यावरून वाहणारा वारा कदाचित आदल्या दिवशी एखाद्या शहरावरून आलेला असेल. त्यात मोटारींचा धूर, कारखान्यांची वाफ, चुलींचा आणि शेकोट्यांचा धूर मिसळलेला असू शकेल. धुरातील अनेक द्रव्येही सेंद्रियच असतात. तेव्हा कोणते द्रव्य कोणाचे, हे ठरवावे कसे?

या प्रश्नाची दिशा दाखविणाऱ्यांपैकी एक वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणजे फ्रिट्स वेन्ट. ते जन्माने डच असून पुढे अमेरिकेत गेले. गावांपासून आणि कारखान्यांपासून दूर असलेल्या डोंगरांवरही उन्हाळ्यात निळसर झाक का दिसते, हा प्रश्न त्यांना पडला. १९६० साली त्यांनी असा विचार मांडला की, ही निळाई वनस्पतींनीच हवेत सोडलेल्या द्रव्यांपासून तयार होत असावी. पाहा, आमच्या सहलीतील मुलीचा दुसरा प्रश्न तोच होता! तिला जे दिसले, ते एका मोठ्या शास्त्रज्ञालाही दिसले होते. मला मात्र ते रोज समोर असूनही दिसले नव्हते.

वेन्ट यांच्यानंतर अनेक संशोधकांनी पुरावे गोळा केले. त्यांतील तीन पद्धती तुम्हांला सहज समजतील.

पहिली पद्धत अगदी साधी आहे. झाडाची जिवंत फांदी न तोडता तिच्यावर एक पारदर्शक पिशवी चढवावयाची, तिच्यात एका बाजूने स्वच्छ हवा सोडावयाची आणि दुसऱ्या बाजूने बाहेर येणारी हवा तपासावयाची. आत जाताना जे नव्हते आणि बाहेर येताना जे मिळाले, ते फांदीने दिलेले. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील संशोधकांनी अशाच रीतीने आपल्या देशातील सुमारे ४० वनस्पती तपासल्या आणि २००३ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. सर्व झाडे सारखी नसतात, असे त्यांना आढळले. काही जाती ही द्रव्ये भरपूर सोडतात, तर काही जवळजवळ सोडतच नाहीत.

दुसरी पद्धत वाऱ्याच्या वाटेवर लक्ष ठेवण्याची. फिनलंडमध्ये ह्युतिआला नावाच्या ठिकाणी पाइनच्या अरण्यात हेलसिंकी विद्यापीठाचे एक संशोधन केंद्र आहे. १९९५ पासून तेथील उंच मनोऱ्यावर आणि झाडांच्या शेंड्यांवर बसविलेली यंत्रे रात्रंदिवस हवा मोजीत आहेत. उत्तर ध्रुवाकडील समुद्रावरून येणारी हवा फार स्वच्छ असते. ती अरण्यात शिरते आणि तासन् तास झाडांवरून वाहत राहते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे दिसून आले की, वाटेत हवेला अरण्यातून टर्पिने जितकी अधिक मिळतात, तितके तिच्यातील सूक्ष्म कणांचे वजन वाढत जाते. रिकामी झोळी घेऊन निघालेला मनुष्य गावागावांतून फिरत यावा आणि झोळी भरत जावी, तसाच हा प्रकार. वाटेत शहर नाही, कारखाना नाही. आहे ते केवळ अरण्य. तेव्हा झोळी कोणी भरली, हे वेगळे सांगावयास नको.

तिसरी पद्धत कर्बाचे वय पाहण्याची. हवेतील कर्बात एक विशिष्ट प्रकारचा कर्ब अत्यल्प प्रमाणात असतो. त्याला कार्बन-१४ म्हणतात. तो कालांतराने आपोआप नष्ट होतो. सुमारे ५,७३० वर्षांत निम्मा उरतो. आजच्या झाडाने आजच्या हवेतून कर्ब घेतला, तर त्यात कार्बन-१४ असतोच. परंतु दगडी कोळसा आणि पेट्रोल ही कोट्यवधी वर्षे जमिनीखाली राहिलेली द्रव्ये आहेत. त्यांतील कार्बन-१४ केव्हाच संपला आहे. म्हणून हवेतील कण गोळा करून त्यांतील कर्ब तपासला की, तो जिवंत सृष्टीतून आलेला 'ताजा' कर्ब आहे की मोटारीच्या धुरातील 'जुना', हे कळते. दूरच्या अरण्यांवर उन्हाळ्यात गोळा केलेल्या कणांत ताज्या कर्बाचाच वाटा मोठा असतो. मात्र लाकूड जाळले तरी त्याचा कर्ब ताजाच असतो. म्हणून केवळ ही एक पद्धत पुरत नाही. तिन्ही पुरावे एकत्र पाहावे लागतात. न्यायाधीश जसा एकाच साक्षीदारावर विसंबत नाही, तसेच हे.

येथवर अरण्य हे मूळ ठरले. पण अरण्य म्हणजे काही एकच वस्तू नव्हे. त्यात नेमके कोण देते?

पहिला दाता म्हणजे झाडांतील राळेचा साठा. पाइनच्या सुयांत आणि सालीत राळेने भरलेल्या बारीक नलिका असतात. ऊन तापले की त्यांतून टर्पिने झिरपू लागतात. फांदी मोडली किंवा किडीने साल पोखरली, तर ती एकदम उसळून बाहेर येतात. दुसरा दाता म्हणजे हिरवे पान. अनेक झाडे साठा न करता, सूर्यप्रकाशात अन्न तयार करीत असतानाच एक द्रव्य बनवून लगेच हवेत सोडतात. त्याचे नाव आयसोप्रीन. पाच कर्बांचा जो मणी आपण कल्पिला होता, तोच हा, सुटा! संशोधकांनी झाडाला खुणेचा कर्ब असलेली हवा दिली, तेव्हा काही मिनिटांतच तीच खूण आयसोप्रीनमध्ये उमटली. म्हणजे आता घेतलेला श्वास आणि आता दिलेले द्रव्य. सगळ्या जगातील वनस्पती वर्षाकाठी सुमारे ५० कोटी टन आयसोप्रीन हवेत सोडतात. अरण्यात ते नाकाला जवळजवळ जाणवत नाही, म्हणून आपल्याला त्याचा पत्ता लागत नाही. उत्तरेच्या सूचिपर्णी अरण्यांत टर्पिनांचा भर अधिक, तर आपल्यासारख्या उष्ण प्रदेशांतील रुंद पानांच्या अरण्यांत आयसोप्रीनचा.

तिसरा दाता फूल. चैत्रात पहाटे मोहाच्या झाडाखाली उभे राहा, म्हणजे हे पटेल. मोहाच्या फुलांत एक द्रव्य आहे, ते आंबेमोहर तांदळाच्या सुवासातही असते. चौथा दाता जमीन. झडलेली पाने कुजताना टर्पिने आणि इतर द्रव्ये सोडतात. मृगाच्या पहिल्या सरीनंतर जो मातीचा वास येतो, त्यात मातीतील सूक्ष्म जीवांनी तयार केलेले जिऑस्मिन नावाचे द्रव्य असते. कोरड्या मातीच्या आणि दगडांच्या या गंधावर १९६४ साली ऑस्ट्रेलियातील दोन शास्त्रज्ञांनी एक प्रसिद्ध निबंध लिहिला. आपल्याकडे उत्तर प्रदेशातील कनोजचे अत्तरकार तर हाच मातीचा वास परंपरेने कुप्यांत भरीत आले आहेत. पाचवा दाता म्हणजे आग. तिच्याविषयी पुढे बोलू. हिवाळ्यात उत्तरेची झाडे गोठून निजल्यासारखी होतात. तेव्हा मात्र तेथील हवेत घरोघरी जळणाऱ्या लाकडांचा आणि दूरच्या शहरांचा वाटा वाढतो. ऋतू बदलला की दाताही बदलतो.

आता डोंगरावरील निळ्या 'धुरा'चे उत्तर सोपे झाले. झाडांनी सोडलेली द्रव्ये हवेत तशीच राहत नाहीत. सूर्यप्रकाशात त्यांचा हवेतील इतर वायूंशी संयोग होतो, ती जड होतात आणि एकत्र येऊन त्यांचे अतिसूक्ष्म कण बनतात. हे कण इतके बारीक असतात की, सूर्यप्रकाशातील तांबड्या रंगापेक्षा निळा रंग ते अधिक विखुरतात. दूरच्या डोंगराची निळाई काही अंशी स्वच्छ हवेमुळेही असते, आणि धूळ व धूर यांचाही तीत वाटा असू शकतो. परंतु दाट झाडी असलेल्या डोंगरांवर उन्हाच्या दिवसांत झाडांनी केलेली ही भर असते. ऑस्ट्रेलियात निलगिरीच्या झाडांनी भरलेल्या एका पर्वताला 'निळा पर्वत' असे नावच पडले आहे. हे कण वाढत वाढत पुरेसे मोठे झाले, म्हणजे त्यांच्याभोवती पाण्याची वाफ जमून ढगांतील थेंब तयार होतात. ढगाच्या थेंबाला आधारासाठी असा एखादा कण लागतोच. काही ठिकाणी तो समुद्राच्या मिठाचा असतो, काही ठिकाणी धुळीचा. अरण्यावर तो बहुधा झाडांनी दिलेला असतो.

झाडे हा खर्च करतात तरी कशासाठी? कारण हा खर्चच आहे. हवेतून मिळविलेल्या कर्बातील शंभरातला एखाद-दुसरा भाग झाड अशा रीतीने गमावते, आणि कडक उन्हात त्याहूनही अधिक. परंतु या खर्चातून संरक्षण मिळते. आयसोप्रीन पानाला उन्हाचा तडाखा सोसण्यास साहाय्य करते. राळ जखम बुजविते आणि किडीला अटकाव करते. काही झाडे तर किडीने पान कुरतडले असता असा गंध सोडतात की, त्या किडीचे शत्रू तेथे धावून येतात. फुलांचा गंध परागकण वाहून नेणाऱ्या प्राण्यांना बोलावतो. आपल्याला जो केवळ सुवास वाटतो, तो झाडाचा व्यवहार आहे.

मुलांनो, आता एक महत्त्वाची गोष्ट. काही लोक असे ऐकून म्हणतात, "म्हणजे झाडेही हवा बिघडवितात तर!" हे बोलणे अर्धवट ज्ञानाचे आहे. मोटारींच्या आणि कारखान्यांच्या धुरात नत्राचे काही वायू असतात. ते झाडांच्या द्रव्यांना भर उन्हात भेटले, तर जमिनीलगत ओझोन वायू तयार होतो. आकाशात उंचावर हाच वायू आपले रक्षण करतो. जमिनीलगत मात्र तो फुप्फुसांना आणि पिकांना अपाय करतो. परंतु नत्राचे हे वायू जेथे नाममात्र आहेत, अशा दूरच्या अरण्यात झाडांच्या द्रव्यांमुळे असा ओझोन साठत नाही. झाडे ही द्रव्ये लक्षावधी वर्षे सोडीत आली आहेत. त्यात धुराची भर आपण घातली. दुधात मिठाचा खडा टाकावा आणि दूध नासले म्हणून गाईला दोष द्यावा, तसेच हे होईल.

आणि आता आगीविषयी. फाल्गुन-चैत्रात सातपुड्यात वणवे लागतात. मोहाची फुले वेचणे सोपे जावे, म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटविण्याची रीत काही ठिकाणी आहे. त्या लोकांना दूषण देण्याचा माझा हेतू नाही. मोहाचे फूल हे डोंगरातील कुटुंबांचे अन्न आहे आणि पैसाही आहे. पहाटेचा प्रत्येक तास त्यांना मोलाचा असतो. परंतु ती आग कधी कधी वाऱ्याने पसरते आणि कोवळी रोपे, गवत, पक्ष्यांची घरटी जाळून जाते. पेटलेल्या रानातून जो धूर निघतो, तोही सेंद्रिय द्रव्यांनीच भरलेला असतो. मात्र जिवंत झाडाने थोडे थोडे दिलेले द्रव्य वेगळे आणि जळत्या झाडाने एका दिवसात ओकलेला धूर वेगळा. पहिल्याने रान जगते. दुसऱ्याने डोळे चुरचुरतात, छाती भरून येते आणि पुढच्या वर्षी देणारे झाडच उरत नाही. पाचोळा झाडून बाजूला केला, किंवा झाडाखाली जुनी कापडे अंथरली, तरी फुले वेचता येतात. थोडे अधिक श्रम पडतात खरे. पण रान राहते.

यावर केवळ माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका. स्वतः पाहा. शाळेच्या आवारातील कडुलिंब, निलगिरी, तुळस, गवती चहा यांची एकेक पाने चुरडून त्यांच्या वासांतील भेद वहीत लिहा. एखाद्या रविवारी वडीलधाऱ्यांबरोबर जवळच्या रानात पहाटे एकदा आणि दुपारी एकदा जा आणि वास केव्हा अधिक दाट येतो, ते ठरवा. पुष्कळदा तो पहाटे अधिक दाट वाटेल. झाडे दुपारी अधिक द्रव्य सोडतात हे खरे. पण तापलेली हवा वर चढून ते दूरवर पसरविते आणि ऊन त्याचे रूप पालटते. रात्रीची हवा मात्र निश्चल असल्याने सुटलेला गंध जमिनीलगतच साचून राहतो.

त्या सहलीला आता बरीच वर्षे झाली. ती मुलगी आज कोठे आहे, मला ठाऊक नाही. कदाचित तिची मुले तुमच्याच वयाची असतील आणि त्यांच्यापैकी कोणी हा पाठ वाचीत असेल. तसे असेल, तर त्याने आपल्या आईला माझा एवढा निरोप सांगावा: "गुरुजींनी उत्तर शोधले. तो वास फुलांचा नव्हता. गवताचा आणि झाडांचा होता. आणि डोंगरावर जे निळे दिसत होते, ते धुके नव्हते; त्यात रानाचा श्वास मिसळलेला होता. तू बरोबर पाहिले होतेस."